टाकीचा सांडवा



आजचा विषय अगदी घरातला आहे. गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकीच्या काठाखाली एक आखूड नळी बाहेर काढलेली असते, आणि पहाटे नळाला पाणी आले की थोड्या वेळाने त्या नळीतून टिप् टिप् सुरू होते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने असल्या विषयावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण ही नळी मला आमच्या घरच्या गच्चीवरून थेट माणदेशातल्या तळ्यांपर्यंत, आणि तिथून फार लांबच्या काळात घेऊन गेली. तीच हकीकत आज सांगणार आहे.

आमचे घर माण तालुक्यात. आमच्या भागाचे पाऊसमान आपण जाणताच. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तिकडचे ढग आमच्याकडे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. त्या पावसाचा सुमारे दहावा हिस्सा आमच्या वाट्याला येतो, तोही वेळेवर येईलच असे नाही. अशा गावात घरापर्यंत नळ आला, दिवसाआड पहाटे दोन तास पाणी येऊ लागले, गच्चीवर काळी टाकी बसली, ही आमच्या आईच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हती. तिच्या डोक्यावर घागरीची चुंबळ किती वर्षे होती, ते तिचे तिलाच ठाऊक.

एके दिवशी पहाटे मी उठलो तो आई परसात उभी. टाकीच्या नळीतून थेंब पडत होते आणि तिने त्याखाली घागर मांडली होती. मी म्हटले, "आई, थांब. त्या नळीच्या तोंडाला लाकडाची खुंटी ठोकून देतो. गळायचं थांबेल."

आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आरं, सांडवा कुणी बुजवतं व्हय? बांध फुटंल की!"

एवढी पुस्तके वाचून मला जे सुचले नाही, ते तिला कसे सुचले? तर तिने बांध घातलेला होता. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची पोर होती. गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले, तेव्हा घरातल्या सगळ्यांबरोबर तीही पाट्या टाकायला गेली. मातीचा बांध हाताहाताने चढत होता, आणि एका बाजूला मुरमात रुंद चर खणणे चालले होते. आईला कोडे पडले, की पाणी अडवायला एवढा बांध घालायचा, आणि शेजारीच पाणी जायला वाट का ठेवायची? कामावरच्या मुकादमाने तिला सांगितले, "पोरी, तळं भरल्यावर जास्तीचं पाणी कुठूनतरी जाणारच. आपण वाट दिली तर त्या वाटेनं जाईल. न दिली तर बांधावरनं जाईल, आणि जाताना बांध घेऊन जाईल." हे वाक्य ती पन्नास वर्षे विसरली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा मुलांना द्यावा असा आहे. 'सांडणे' या क्रियापदापासून सांडवा. पण सांडवा पाणी सांडण्यासाठी नसतो, तो बांध राखण्यासाठी असतो. मातीच्या धरणाला पाण्याचे भय खालून जेवढे, तेवढेच वरून. माथ्यावरून पाणी पडू लागले की ते माती धुऊन नेते, घळ पडते, आणि पाहता पाहता बांध दुभंगतो. म्हणून सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा पुष्कळ खाली ठेवतात. पाणी थोडे जास्त साठावे म्हणून सांडव्यात दगडमाती भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो मोह म्हणजे हातभर पाण्यासाठी सगळे तळे पणाला लावणे होय.

आमच्या भागातले सर्वांत नामांकित तळे म्हणजे म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव. माण नदी, जिला आम्ही माणगंगा म्हणतो, ती माण तालुक्यात उगम पावते आणि पुढे भीमेला मिळते. या नदीवर, माण आणि आटपाडी यांच्या सीमेवर, १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या काळात आणि त्यानंतरच्या वर्षांत हा तलाव उभा राहिला. म्हणजे १९७२ ला आमच्या आईने जे केले, तेच तिच्या पणजीच्या पिढीने राजेवाडीला केले. दुष्काळ पडायचा, माणसे मातीच्या पाट्या टाकायची, आणि त्यातून पुढच्या पिढीचे पाणी साठायचे. आजही कधी चांगला पाऊस झाला आणि राजेवाडीचा सांडवा वाहू लागला, की चार गावची माणसे ते पाहायला जातात. बायाबापड्या नदीची ओटी भरतात. माणदेशात वाहता सांडवा म्हणजे वर्षाची ददात मिटली, असा आनंद.

मग घरच्या टाकीचा सांडवा वाहिला तर त्याचा आनंद का मानू नये? याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते मोठे मनोरंजक आहे.

जुन्या काळच्या पाणीपुरवठ्याकडे जरा पाहा. पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तळे बांधले आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळ काढून शनिवारवाड्यापर्यंत व शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले. उतारावरून वाहत येणारे पाणी होते ते. रात्र असो, दिवस असो, ते येतच राहायचे. अशा योजनेत हौद भरला की जास्तीचे पाणी काठावरून पुढे जाणारच. त्यात कुणाची चूक नाही. वाहत्या पाण्याचा तो धर्मच आहे.

चित्र पालटले ते लोखंडी नळ आणि तोट्या आल्यावर. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले. नळ दाबाखाली असतो. पाणी वाया जायचे की राहायचे, हे आता उतारावर अवलंबून राहिले नाही, तोटीवर राहिले. पण टाकीपाशी बसून, ती भरली की तोटी बंद करायला चोवीस तास माणूस कोण ठेवणार? पाण्याने स्वतःच स्वतःला थांबवावे, अशी काही युक्ती हवी होती.

ती युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ होऊन गेला. त्याने पाण्याचे घड्याळ केले. त्या घड्याळात पाण्याची पातळी सदा सारखी राहावी म्हणून त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या झडपेचा उपयोग केला. पाणी चढले की तरंग चढे आणि येणारे पाणी रोखून धरी. पाणी उतरले की तरंग उतरे आणि वाट मोकळी होई. पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होते. त्यांनी लिहिलेल्या यंत्रांच्या ग्रंथात असे तरंग आणि झडपा नाना तऱ्हांनी वापरल्या आहेत. आपल्याकडेही लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र असे. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. म्हणजे तरंगणाऱ्या भांड्याकडून काम करून घ्यायचे, ही कल्पना आपल्याही आजीला परकी नव्हती.

आज टाकीत जो प्लॅस्टिकचा चेंडू आडव्या दांडीच्या टोकाला डोलत असतो, ज्याला आपण बॉल कॉक म्हणतो, तो याच कुळातला. चेंडू पाण्याबरोबर वर चढतो, दांडी तरफेसारखी फिरते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाचा रबरी वायसर नळाच्या तोंडावर घट्ट बसतो. दांडी लांब आणि टेकू नळाच्या तोंडाजवळ, म्हणून चेंडूचा थोडासा उचल नळातल्या दाबाला पुरून उरतो. तरफेचे हे उदाहरण शाळेत दाखवायला फार सोयीचे आहे.

बॉल कॉक आला तरी सांडव्याची गरज संपली नाही. झडप कधी तरी बिघडणार, म्हणून टाकीला जादा पाण्याची नळी ठेवलीच पाहिजे. इथे एक गमतीची गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये नळाला पाणी ठराविक वेळीच येई, अगदी आपल्यासारखे. म्हणून घरोघरी टाक्या. टाकीची ही नळी पुष्कळ लोकांनी थेट गटारात सोडलेली असे. झडप बिघडली तरी पाणी गुपचूप गटारात जाई. घरमालकाला पत्ता नाही, शेजाऱ्याला पत्ता नाही. शेवटी १८७० नंतरच्या दशकात नियम झाला, की टाकीची अशी नळी गटारात सोडायची नाही. ती उघड्यावर, दिसेल अशी काढायची. तिला त्यांनी नावच दिले, 'इशाऱ्याची नळी'.

श्रोतेहो, मला वाटते या एका नावात सगळे आले. तळ्याचा सांडवा वाहिला तर तळे भरल्याची वर्दी. टाकीची नळी गळली तर झडप बिघडल्याची वर्दी. पहिली ऐकून नारळ फोडावा, दुसरी ऐकून टाकीचे झाकण उघडावे. बुजवायचे मात्र दोन्हींपैकी काहीच नाही.

सांडव्याच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक फार मोठी करामत झाली, तीही सांगतो. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावरून दर पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई. त्या वेळी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक इंजिनियर होते, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्याच कॉलेजात शिकून १८८४ मध्ये ते सरकारी नोकरीत आले होते. त्यांनी सांडव्यावर बसवण्यासाठी आपोआप चालणारी दारे योजली. ठरलेल्या खुणेपर्यंत दारे मिटलेली. पाणी त्या खुणेवर गेले की पाण्याच्याच योगाने ती उघडत, आणि पाणी उतरले की पुन्हा मिटत. १९०३ मध्ये ही दारे खडकवासल्यास बसली. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फूट चढवता आली आणि साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. पाण्याने पाण्याचे दार उघडावे आणि मिटावे, हेच तर आपल्या टाकीतला चेंडू लहान प्रमाणात करीत असतो.

आणि सांडव्याला पेलणार नाही एवढे पाणी आले तर काय होते, तेही त्याच धरणाने दाखवले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्याचा लोंढा खाली खडकवासल्यावर आला. तो त्या जुन्या धरणाला पेलवला नाही, आणि तेही फुटले. पुण्याच्या पेठांतून पाणी शिरले, घरे वाहून गेली, माणसे गेली. त्या दिवसाची आठवण पुण्याच्या जुन्या माणसांनी अजून ठेवली आहे. जास्तीच्या पाण्याला पुरेशी वाट असली पाहिजे, हा नियम मोठ्या धरणाला जेवढा लागू, तेवढाच घरच्या टाकीला. म्हणून टाकीत पाणी आणणाऱ्या नळीपेक्षा बाहेर काढणारी नळी एक माप मोठी घेतात.

आता आमच्या परसात परत येऊ.

आईने अडवले तरी खुंटीची हौस मला फार पूर्वीपासून होती, कारण आमच्या आळीतल्या एका घरी तोच उपाय झालेला मी पाहिला होता. नळी बंद केली, गळणे थांबले, सगळे खूष. पंधरा दिवसांनी पहाटे झडप साफ उघडी राहिली, पाणी झाकणाखालून उतू गेले, आणि गच्चीतून झिरपून खालच्या माळ्यावर ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्यांवर उतरले. वर्षाचे धान्य काळे पडले. बांध फुटला तो असा.

मग मी टाकीवर चढलो. जे केले ते क्रमाने सांगतो, कारण ते कुणालाही करता येईल.

नळाला पाणी चालू असताना टाकीत हात घालून चेंडू हाताने वर उचलायचा. ही पहिली परीक्षा. उचलल्यावर पाणी थांबले, तर झडप चांगली आहे, दोष चेंडूत किंवा दांडीत आहे. उचलूनही थांबले नाही, तर दोष वायसरात आहे.

चेंडूचा दोष असेल तर चेंडू काढून कानाशी हलवून पाहायचा. आत पाणी खुळखुळले तर तो चिरलेला आहे. पाणी भरलेला चेंडू तरंगणार कसा? तो बदलायचा. चेंडू कोरडा असेल, तर दांडी थोडी खाली वळवायची किंवा तिचा स्क्रू फिरवायचा, म्हणजे पाणी आधीच बंद होईल. टाकीतले पाणी इशाऱ्याच्या नळीच्या तोंडाखाली निदान एक इंचावर थांबले पाहिजे.

वायसराचा दोष असेल तर आधी टाकीकडे येणाऱ्या नळाची चावी बंद करायची. मग झडप उघडून वायसर काढायचा. आमच्या टाकीत नेमके हेच होते. आमच्याकडचे पाणी जड. वायसराखाली क्षाराचे पांढरे कवच जमले होते, आणि वाळूचा एक खडा रबरात रुतून बसला होता. कवच लिंबाच्या रसाने भिजवून खरवडले, दुकानातून नवा वायसर आणला. पितळी तोंडावरच चरा पडला असेल, तर मात्र सगळा बॉल कॉक बदललेला बरा. ज्यांचे घर गावाच्या सखल भागात आहे त्यांच्याकडे नळाला दाब जास्त असतो. त्यांनी जास्त दाबाचा कॉक मागून घ्यावा.

ज्यांची टाकी मोटारीने भरते त्यांचे दुखणे निराळे. तिथे बॉल कॉक बसवू नये, कारण वाट बंद झाली तरी मोटार पाणी रेटत राहते आणि तिच्यावर ताण येतो. तिथे टाकी भरली की मोटारच बंद करणारा तरंगता स्विच मिळतो, तो लावावा. आणि सर्वांनीच नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. जाळीतून पाणी जाते, डेंग्यूचा डास मात्र आत जाऊ शकत नाही.

आपण म्हणाल, चार थेंबांसाठी एवढा खटाटोप? मीही हिशेब केला. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. सेकंदाला एक थेंब धरला, तर पाण्याच्या दोन तासांत ७,२०० थेंब, म्हणजे ३६० मिलिलिटर. तांब्याभरही नाही. पण थेंब थेंबच राहत नाही. वायसराच्या फटीतून दाबाने जाणारे पाणी रबर खात जाते, पितळही खाते, आणि थेंबाची धार होते. करंगळीपेक्षाही बारीक धार मिनिटाला एक लिटर पाणी सहज नेते. दोन तासांत १२० लिटर. जलजीवन मिशनच्या कामात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे माप धरले आहे. म्हणजे ती एक धार दोन माणसांचे दिवसाचे पाणी घेऊन जाते.

शिक्षकांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. साहित्य काय, तर लिटरची बाटली आणि घड्याळ. गळणाऱ्या नळाखाली बाटली धरायची, किती वेळात भरली ते लिहायचे, आणि गणित मांडायचे. भूगोल, विज्ञान आणि गणित एकाच बाटलीत येतात.

पण हिशेबापेक्षा मला आईचेच बोलणे अधिक लागले. वायसर बसवून मी खाली उतरलो. टिपटिप थांबली होती. आई घागर उचलून म्हणाली, "बरं झालं. हितं सांडतंय म्हंजी खालच्या वस्तीला कुणाची तरी घागर कोरडी ऱ्हातिया."

हे मी पडताळून पाहिले. आमच्या नळाच्या रांगेत शेवटी एक वस्ती आहे. रांगेतली वरची घरे भरून वाहत राहिली की शेवटच्या घरापर्यंत दाब पोचत नाही. तिथल्या एक काकू मला म्हणाल्या, "गुरुजी, पानी येतंय, पर तोटीला चिकटून येतंय." त्यांना मी काय सांगणार? गेले कित्येक महिने आमच्या टाकीच्या सांडव्यातून त्यांचेच पाणी परसातल्या मातीत जात होते, आणि आम्ही त्याखाली घागर मांडून समाधान मानत होतो.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी रांगेतल्या घरांसमोरून पहाटे एक फेरी मारली. अकरा घरांपैकी चार घरांच्या नळ्या गळत होत्या. कुणाला बोल लावला नाही. प्रत्येकाला एवढेच सांगितले, की तुमची टाकी इशारा देते आहे, आणि वायसर माझ्या खिशात आहे. दोघांनी त्याच दिवशी बसवून घेतला, तिसऱ्याचा चेंडूच बदलावा लागला. चौथ्याने नळीला खुंटी ठोकायचे ठरवले होते. त्याच्याकडे मी आईला घेऊन गेलो.

माणदेशाला पाणी कुठून आणावे, हा प्रश्न मोठा आहे. त्यासाठी धरणे झाली, कालवे झाले, पाणी उपसून आणायच्या योजना झाल्या, गावोगावी माणसांनी श्रमदानाने चर खणले. ते सगळे लागणारच. पण आलेले पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचवणे हे काम काही अंशी ज्याच्या त्याच्या गच्चीवर आहे. तेव्हा उद्या पहाटे नळाला पाणी येईल त्या वेळी एकदा परसात जाऊन कान द्या. टिपटिप ऐकू आली, तर नळी बुजवू नका. वर चढा आणि चेंडू उचलून पाहा.